संगणकात नसलेल्या कार्डाला नाव कसं मिळतं?



आपल्या माहूर तालुक्यात एक वाई आहे. पण नुसतं 'वाई' म्हटलं की राज्यभरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातली वाई येते. म्हणून आपल्या वाईला सगळे 'वाई बाजार' म्हणतात. सिंदखेडचंही तसंच. आपल्या तालुक्यात सिंदखेड आहे आणि तिकडे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे. खुर्द आणि बुद्रुक या दोन शब्दांवर तर महाराष्ट्रात किती गावांची ओळख उभी आहे, ते एसटीच्या पाट्या वाचणाऱ्याला सांगायला नको. एका नावाची दोन ठिकाणं झाली की पुढे काहीतरी शेपूट जोडावं लागतं. ते शेपूट असं हवं की ते उद्या बदलणार नाही आणि त्यावरून ठिकाण ओळखता येईल.

संगणकालाही हीच अडचण येते. त्याच्यात नेटवर्कची दोन-चार दारं असतात आणि प्रत्येक दाराला नाव लागतं. खरी गंमत पुढे आहे. आजकाल यातली निम्मी दारं हाताला लागणारी नसतातच. ती सॉफ्टवेअरने तयार केलेली, म्हणजे आभासी असतात. जी वस्तूच नाही तिला नाव कशाच्या आधारावर द्यायचं? आजचा लेख त्याबद्दल आहे. विषय जरा तांत्रिक वाटेल, पण शाळेची संगणक लॅब सांभाळणाऱ्याला तो कधी ना कधी गाठतोच. अकरावी-बारावीला आयटी घेतलेली मुलं घरात असतील तर पालकांनाही उपयोगी पडेल.

एक सूचना आधीच देतो. इथे मी सगळी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि मध्ये आडव्या रेघा देऊन लिहितोय. स्क्रीनवर ती इंग्रजी लहान अक्षरांत, रेघांशिवाय, सलग दिसतील.

दार म्हणजे नक्की काय

संगणकाच्या मागे जिथे नेटची वायर खोचतो, तिथे आत नेटवर्क कार्ड असतं. ऑपरेटिंग सिस्टीम त्या कार्डाला एक नाव देते आणि पुढचा सगळा व्यवहार त्या नावाने करते. आयपी पत्ता कुणाला द्यायचा? या नावाला. फायरवॉलचा नियम कुणाला लावायचा? या नावाला. या नाव असलेल्या दाराला 'नेटवर्क इंटरफेस' म्हणतात. वाय-फायचं कार्ड हाही एक इंटरफेस असतो. लिनक्सच्या प्रत्येक संगणकात 'एल-ओ' नावाचं एक दार असतं, ते स्वतःशीच बोलायला. ते पहिल्यापासून आभासीच आहे.

लिनक्समध्ये पूर्वी ही नावं फार सोपी होती: ई-टी-एच-०, ई-टी-एच-१, ई-टी-एच-२. जे कार्ड आधी सापडलं त्याला शून्य, नंतरच्याला एक. वर्गात जो मुलगा आधी शिरेल त्याला हजेरी क्रमांक १ द्यावा, तसं हे होतं. एकच मुलगा असेल तोवर काही बिघडत नाही. दोन झाले की रोज क्रमांक बदलायची शक्यता आली. कार्डांचे ड्रायव्हर एकाच वेळी चालू होतात आणि त्यांच्यातला पहिला कोण हे दर वेळी ठरलेलं नसतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट गेली-आली की मशीन बंद-चालू होतं. अशा एखाद्या वेळी कालचं ई-टी-एच-० आज ई-टी-एच-१ होऊन बसायचं. आतल्या लॅबचं नेटवर्क बाहेरच्या दाराला आणि बाहेरचं आतल्या दाराला लागलं की दिवसभर कुणाला काही कळायचं नाही.

यावर २०१३ च्या जानेवारीत उपाय आला. लिनक्समध्ये मशीन चालू होताना सगळ्या सेवा सुरू करणारा 'सिस्टम-डी' नावाचा भाग असतो. त्याच्या १९७ व्या आवृत्तीत नावं देण्याची नवी पद्धत आली. तिचं सूत्र असं: कोण आधी आलं ते बघू नका, कोण कुठे बसलंय ते बघा. म्हणजे हजेरी क्रमांकाऐवजी बाक क्रमांक.

नाव वाचायचं कसं ते बघा. पहिली दोन अक्षरं प्रकार सांगतात. ई-एन म्हणजे वायरचं इथरनेट, डब्ल्यू-एल म्हणजे वाय-फाय. त्यानंतर 'ओ' आला तर कार्ड मदरबोर्डावरच बसवलेलं आहे. 'एस' आला तर पुढचा आकडा स्लॉटचा. 'पी' आला तर आधी बसचा क्रमांक आणि मग 'एस' लावून त्या बसवरच्या जागेचा. 'एक्स' आला तर पुढे कार्डाचा मॅक पत्ता. म्हणून ई-एन-पी-३-एस-० म्हणजे 'इथरनेट, बस ३, जागा ०'. दिसायला विचित्र, पण हा पत्ता आहे. गल्ली आणि घर नंबर.

जाता जाता एक मौज सांगतो. लिनक्समध्ये या नावाला १५ बाइटांची मर्यादा आहे. ई-एन-एक्स ही तीन अक्षरं आणि मॅक पत्त्याची १२ चिन्हं मिळून बरोबर १५ होतात, एकही जागा उरत नाही. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे ५ चिन्हं बसतात. म, काना, ह, दीर्घ उकार, र: 'माहूर' हे नाव मोजून १५ बाइटांचं! 'लातूर' पण बसतं. 'नांदेड' अनुस्वारामुळे बाहेर राहतं. मुलांना युनिकोड शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. प्रत्यक्ष मशीनवर मात्र दाराला देवनागरी नाव देऊ नका. कमांड टाइप करताना आणि सेटिंगच्या फायलींमध्ये ते त्रास देईल.

एका मशीनमध्ये चार मशीन

आता आभासी संगणकाकडे येऊ. संगणक कमी आणि मुलं जास्त असली की एका दणकट मशीनवर चार-सहा आभासी संगणक चालवायचे आणि जुन्या मॉनिटरवरून ते वापरायचे, हा मार्ग बरेच शिक्षक धरतात. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा लिनक्समधलं केव्हीएम, यातलं काहीही वापरा. जे खरं मशीन आहे त्याला 'होस्ट' म्हणतात आणि आत चालणाऱ्याला 'गेस्ट', म्हणजे घर आणि पाहुणा.

गेस्टला वाटतं आपल्याला मदरबोर्ड आहे, स्लॉट आहेत, कार्ड आहे. यातलं काहीच खरं नाही. तरी तो प्रामाणिकपणे विचारतो, 'माझं कार्ड कुठल्या जागेवर बसलंय?' आणि सॉफ्टवेअर त्याला एक काल्पनिक जागा सांगतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला पहिलं कार्ड कायम ३ नंबरच्या जागेवर आणि दुसरं ८ नंबरच्या. म्हणून जगात कुठेही व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू टाका, नाव ई-एन-पी-०-एस-३ येतं आणि दुसरं कार्ड जोडलं की ई-एन-पी-०-एस-८. यूट्यूबवरच्या शिकवणीत आणि तुमच्या लॅबमध्ये नेमकं तेच नाव का दिसतं, त्याचं कारण हे. व्हीएमवेअरमध्ये ई-एन-एस-३३, ई-एन-एस-१६० किंवा ई-एन-एस-१९२ अशी नावं दिसतात. 'मशीनला १९२ स्लॉट कुठून आले?' असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारेल. विचारलाच पाहिजे. उत्तर एवढंच की मदरबोर्डच काल्पनिक आहे, तर स्लॉटचा आकडा काय लागेल तो लिहिता येतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं घोडं इथेच अडतं. खऱ्या कार्डाची जागा बदलू शकते, पण त्याचा मॅक पत्ता कारखान्यात ठरलेला असतो. आभासी कार्डाचं याच्या उलट आहे. त्याची जागा सॉफ्टवेअरने पक्की ठरवलेली असते, पण मॅक पत्ता नुसता एका फाइलीत लिहिलेला असतो आणि मशीनची नक्कल काढली की तो बदलतो. थोडक्यात, खऱ्याची जागा कच्ची आणि मॅक पक्का, आभासीची जागा पक्की आणि मॅक कच्चा. नाव कशाला बांधायचं ते यावरून ठरवायचं. बहुतेक लोक दोन्हीकडे एकच पद्धत वापरतात आणि तिथेच फसतात.

खरा स्लॉट हलतो तेव्हा

खऱ्या कार्डाची जागा बदलू शकते म्हणजे काय? कार्ड उपसून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं तर ती बदलेलच, त्यात नवल नाही. नवल असं की कार्डाला हातही न लावता त्याचा पत्ता बदलू शकतो.

आमच्या भागातल्या एका शाळेत घडलेला प्रकार सांगतो. तिथल्या सरांनी कुणीतरी देणगी दिलेल्या एका जुन्या सर्व्हरवर सहा आभासी संगणक बसवले होते. होस्टवर एक 'ब्रिज' होता. ब्रिज म्हणजे आभासी स्विच, ज्याला एका बाजूने सहा गेस्ट आणि दुसऱ्या बाजूने खरं कार्ड जोडलेलं असतं. ब्रिजच्या सेटिंगमध्ये खऱ्या कार्डाचं नाव लिहिलेलं होतं, ई-एन-पी-३-एस-०. सगळं वर्षभर छान चाललं.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने व्हायला लागले, हे आपल्याला माहीतच आहे. ज्यांच्याकडे संगणक नाही असे पालक अर्ज भरायला शाळेतच येतात. त्या दिवसांत सर्व्हरला डिस्क कमी पडते म्हणून एका तंत्रज्ञाने आत जास्तीचं एक कार्ड बसवलं, मशीन चालू करून दाखवलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी तांड्यावरून आणि वाड्या-वस्त्यांवरून पालक मुलांना घेऊन आले, तर एकाही संगणकावर नेट नाही. वायर बघितली, ठीक. स्विचचा लाइट लुकलुकतोय. राउटरला मोबाइल जोडला, नेट चालू. सहाही गेस्ट एकमेकांना पिंग करतात, बाहेर मात्र कुणालाच जाता येत नाही. चार तास गेले. काही पालक शेवटी एसटीने माहूरला गेले आणि पैसे देऊन अर्ज भरून आले. ज्यांना त्या दिवसाची मजुरी सोडून यावं लागलं होतं, त्यांना तो दिवस दुसऱ्यांदा सोडावा लागला.

झालं होतं एवढंच. नवं कार्ड आत आल्यावर मशीनने बसचे क्रमांक पुन्हा मोजले. मध्ये एक पाहुणा आला म्हणून नेटवर्कचं कार्ड तिसऱ्या बसवरून चौथ्या बसवर सरकलं. कार्ड तेच, स्लॉट तोच, वायर तीच, पण नाव ई-एन-पी-४-एस-० झालं. ब्रिज बिचारा ई-एन-पी-३-एस-० ची वाट बघत बसला. गल्लीत एक घर नवं झालं आणि पुढच्या सगळ्या घरांचे नंबर एकाने वाढले, तर पोस्टमनचं जे होईल तेच इथे झालं.

बाक क्रमांकाची पद्धत हजेरी क्रमांकापेक्षा पुष्कळ बरी. पण वर्गात एक बाक वाढला की तिचेही क्रमांक हलतात.

होस्टवर यावर उपाय सोपा आहे. खऱ्या कार्डाचं नाव त्याच्या मॅक पत्त्याला बांधून टाकायचं. 'ई-टी-सी' फोल्डरमध्ये 'सिस्टमडी' आणि त्याच्या आत 'नेटवर्क' असं फोल्डर असतं. तिथे 'डॉट लिंक' असा शेवट असलेली छोटी फाइल ठेवायची. फाइलीत दोनच गोष्टी: अमुक मॅक पत्त्याचं कार्ड दिसलं तर त्याचं नाव तमुक ठेव. फाइलीच्या नावाची सुरुवात १० अशा लहान आकड्याने करा, म्हणजे सिस्टीमच्या स्वतःच्या ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलीच्या आधी तुमची वाचली जाईल. दोन सूचना आहेत. पहिली, मॅक सांगताना 'पर्मनंट' मॅकची ओळ वापरा, साधी नको. ब्रिज बहुधा आपल्याला जोडलेल्या कार्डाचाच मॅक घेतो, त्यामुळे साधी ओळ ब्रिजलाही लागू पडू शकते. दुसरी, नवं नाव ई-टी-एच-० ठेवू नका. ते कर्नल स्वतः वाटतं, टक्कर होते. 'लॅब-०', 'बाहेर-०' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजी अक्षरांत ठेवा.

वायरीचं दुसरं टोक

गेस्टच्या प्रत्येक आभासी कार्डाची एक आभासी वायर असते आणि तिचं दुसरं टोक होस्टवर येतं. होस्टवर इंटरफेसची यादी काढली की पहिल्यांदा बघणारा घाबरतोच: व्ही-नेट-०, व्ही-नेट-१, व्ही-आय-आर-बी-आर-०, डॉकर-०, आणि व्ही-ई-टी-एच च्या पुढे कसलीतरी अगम्य अक्षरं. घाबरू नका. बी-आर आलं की तो ब्रिज. व्ही-नेट आलं की एखाद्या गेस्टच्या वायरीचं टोक. व्ही-ई-टी-एच ही जोडी असते, एक टोक इकडे आणि एक कंटेनरच्या आत.

पण बघा, व्ही-नेट-० मध्ये पुन्हा तोच जुना हजेरी क्रमांक आला! जो गेस्ट आधी सुरू झाला त्याला शून्य. आठवीच्या वर्गासाठी ठेवलेला गेस्ट आज व्ही-नेट-२ असेल तर उद्या व्ही-नेट-५. म्हणून या नावावर कुठलाही नियम बांधू नये. आठवीच्या मशीनला नेटचा वेग कमी द्यायचा आणि शिक्षकांच्या मशीनला जास्त, असं ठरवून नियम व्ही-नेट-२ ला लावला, तर उद्या शिक्षकच रांगेत बसतील. केव्हीएममध्ये गेस्टच्या सेटिंगमध्ये या टोकाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. फक्त ते 'व्ही-नेट' ने सुरू होऊ देऊ नका, कारण त्याने सुरू होणारी नावं सॉफ्टवेअरने स्वतःसाठी राखून ठेवलेली आहेत. तुम्ही लिहिलेलं नाव ते गुपचूप बाजूला टाकतं.

कार्डाची वाटणी आणि सातबारा

आता या विषयातला मला सगळ्यात आवडलेला भाग. शाळेच्या लॅबमध्ये हे कार्ड सहसा नसतं, पण मोठ्या डेटा सेंटरमध्ये असतं. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपलं क्लाउड सुरू केलं. तिथला एखादा सर्व्हर भाड्याने घेतला तर त्यातलं नेटवर्क कार्ड बहुधा याच तऱ्हेचं असतं.

आधी म्हटलं तसं, ब्रिजवर सगळी कामं सॉफ्टवेअरला करावी लागतात, त्यात वेळ जातो. म्हणून २००७ मध्ये 'एसआर-आयओव्ही' नावाचं मानक आलं. त्यानुसार बनवलेलं एकच कार्ड संगणकाला स्वतःची अनेक कार्डं करून दाखवतं. मूळ कार्डाला 'फिजिकल फंक्शन' म्हणतात आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक हिश्शाला 'व्हर्च्युअल फंक्शन'. इंटेलच्या आय-३५० या कार्डात लिनक्सवर एका पोर्टचे ७ हिस्से पाडता येतात, मोठ्या कार्डांत याहून कितीतरी जास्त. प्रत्येक हिस्सा एकेका गेस्टला थेट देऊन टाकायचा. मध्ये ब्रिज नाही, वाटेकरी नाही.

या हिश्शांना नाव काय? इथे सातबारा आठवा. गट नंबर ४५ ची वाटणी झाली की ४५/१, ४५/२ होतात. पुढच्या पिढीत ४५/२/अ. उतारा हातात घेतला की जमीन मूळ कुठल्या गटातली ते लगेच कळतं. समजा तलाठ्याने वाटणीनंतर प्रत्येक हिश्शाला वेगळाच नवा नंबर दिला असता, तर? बांधावर उभं राहूनही कोण कुणाचा वाटेकरी ते कळलं नसतं.

लिनक्समध्ये बरीच वर्षं असंच चाललं होतं. प्रत्येक व्हर्च्युअल फंक्शनला मशीनमध्ये स्वतःचा वेगळा पत्ता असतो, आणि नाव त्या पत्त्यावरूनच पडायचं. मूळ कार्ड ई-एन-पी-३-एस-०-एफ-०, आणि त्याचे हिस्से मात्र ई-एन-पी-३-एस-१६, ई-एन-पी-३-एस-१६-एफ-२ असे. यात 'एफ' म्हणजे एकाच जागेवरचं कितवं फंक्शन. ही नावं वाचून हे मूळ कार्डाचे हिस्से आहेत असं कुणी म्हणेल का? वाटतं की सोळाव्या जागेवर कुणीतरी दुसरं कार्ड बसवलंय. शिवाय कार्डांची यादी दाखवणारी कमांड तीच जागा '१०' अशी दाखवते, कारण ती सोळा-आधारी पद्धतीत लिहिते आणि नाव दशमान पद्धतीत. गणिताच्या शिक्षकांना संख्यापद्धतीचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

२०१८ च्या जूनमध्ये सिस्टम-डीच्या २३९ व्या आवृत्तीत हे बदललं. आता हिश्शाचं नाव बापाच्या नावावरून पडतं. ई-एन-पी-३-एस-०-एफ-० चा पहिला हिस्सा ई-एन-पी-३-एस-०-एफ-०-व्ही-०, पुढचा व्ही-१, व्ही-२. शेवटचा 'व्ही' आणि आकडा म्हणजे सातबाऱ्यावरची तिरपी रेघ आणि हिस्सा नंबर.

चांगला बदल, पण बदल तो बदलच. ज्यांच्या सेटिंगच्या फायलींत जुनी नावं होती, त्यांच्याकडे सिस्टीम अपडेट झाली आणि नावं जुळेनात. फेरफार झाल्यावर जुन्या खरेदीखतातला नंबर उताऱ्याशी जुळत नाही, तसं. म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात २४० व्या आवृत्तीत एक सोय आली. 'मला अमुक आवृत्तीच्या पद्धतीनेच नावं दे' असं मशीन चालू होताना सांगता येतं. रेड हॅटसारख्या कंपन्या आपल्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत ही पद्धत गोठवूनच देतात. मला विचाराल तर नव्या चांगल्या पद्धतीपेक्षा ही गोठवण्याची सोय जास्त मोलाची आहे. नाव थोडं वाईट असलेलं चालतं, रात्रीतून बदललेलं चालत नाही.

हिश्शाच्या मॅक पत्त्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. मूळ कार्डाकडून मॅक ठरवून दिला नसेल तर पुष्कळदा हिस्सा दर वेळी मनाने नवा मॅक घेतो. त्यामुळे इथे मॅकला नाव बांधायचं असेल तर आधी होस्टवरून प्रत्येक हिश्शाला मॅक नेमून द्यावा लागतो.

आणखी एक मजा. होस्टवर ज्याचं नाव व्ही-१ ने संपतं, तो हिस्सा गेस्टला दिला की होस्टच्या यादीतून गायब होतो. गेस्टच्या आत तो प्रकटतो तो ई-एन-पी-७-एस-० अशा एखाद्या वेगळ्याच नावाने, कारण गेस्टला तो आपल्या काल्पनिक मदरबोर्डावरचं पूर्ण कार्डच वाटतो. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. दोन्हीकडे शोधताना मॅक पत्त्याने जुळवावं.

याच्याही पुढची पायरी आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'नेट-डेव्ह-सिम' नावाचा ड्रायव्हर आहे. त्याच्यामागे कार्ड नाही, हिस्सा नाही, काहीच नाही. फक्त चाचण्या घेण्यासाठी तो कार्ड असल्याचं नाटक करतो. २०१९ साली २४३ व्या आवृत्तीत त्यालाही रीतसर नाव मिळालं, ई-एन-आय-१-एन-पी-१ अशा थाटाचं. 'आय' नंतर नाटकातल्या बसचा क्रमांक, 'एन' नंतर नाटकातल्या पोर्टचं नाव.

वर्गात आणि लॅबमध्ये

मुलांकडून एक छोटा उपक्रम करून घ्या. मॅक पत्त्यातलं दुसरं चिन्ह बघायचं. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नाही, कुणीतरी किंवा कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे. केव्हीएमचे पत्ते ५२:५४:०० ने सुरू होतात. दुसरं चिन्ह २, म्हणजे आभासी. आपल्या मोबाइलचाही बघा. अँड्रॉइड १० पासून वाय-फायसाठी फोन बनावट मॅक वापरतो, त्यामुळे बहुतेक मुलांना तिथे हीच चार चिन्हं सापडतील. व्हर्च्युअलबॉक्सचे पत्ते मात्र ०८:००:२७ ने सुरू होतात. दुसरं चिन्ह ८, म्हणजे रीतसर नोंदवलेला क्रमांक, आणि तरी कार्ड आभासीच! ही चाचणी एकाच दिशेने चालते, हे मुलांनाच शोधू द्या.

विंडोज वापरणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं की विंडोज त्याला 'इथरनेट २' म्हणतं आणि जुन्या 'इथरनेट'ची नोंद आत लपवून ठेवते. मग तोच आयपी पत्ता द्यायला गेलं की 'हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे' असा इशारा येतो, आणि ते दुसरं कार्ड तर दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगा आणि जुनी नोंद काढून टाका.

आभासी मशीनची नक्कल काढताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं, मॅक पत्ते नवे करायचे का? एकाच नेटवर्कवर दोन्ही चालणार असतील तर नवेच करा, नाहीतर दोघांचं भांडण लागेल. आणि नक्कल काढण्यापूर्वी गेस्टमधली नेटवर्कची सेटिंग उघडून बघा. तिथे नाव मॅकला बांधलेलं असेल तर ते काढून नुसतं ई-एन-पी-०-एस-३ ठेवा. गेस्टची काल्पनिक जागा नकलेतही तीच राहते, त्यामुळे दहा नकला काढल्या तरी नेट चालेल. फक्त केव्हीएममध्ये गेस्टच्या 'मशीन टाइप'ला हात लावू नका. तो बदलला की काल्पनिक मदरबोर्डच बदलतो आणि ई-एन-एस-३ चं ई-एन-पी-१-एस-० होतं.

लॅबच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सर्व्हरच्या नोंदीसमोर एक पान वाढवा. प्रत्येक खऱ्या कार्डाचा मॅक पत्ता, त्याला दिलेलं नाव आणि वायर कुठे जाते, एवढं तीन रकान्यांत लिहा. तेच नाव चिकटपट्टीवर लिहून कार्डाच्या पोर्टशेजारी लावा. कुणी मशीन उघडून आत काहीही बसवलं, की निघण्यापूर्वी इंटरफेसची यादी काढून या पानाशी ताडून बघायला सांगा. याला दोन मिनिटं लागतात, आणि ती तंत्रज्ञ दारात उभा असतानाच घ्यायची.